सिंफनीचा हंगाम

‘सीझन’ हा शब्द आपल्याला परका नाही. आंब्याचा सीझन असतो, लग्नाचा असतो, उसाचा गळीत हंगाम असतो आणि दसरा उलटला की तमाशाच्या फडांचाही हंगाम सुरू होतो. परंतु एखादा सिंफनी ऑर्केस्ट्रा आपला ‘आगामी सीझन’ जाहीर करतो तेव्हा तो नेमके काय करतो, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या मैफलींचे असे एक पत्रक मी मध्यंतरी वर्गात दाखवले, तेव्हा द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, “सर, काही महिन्यांनी अमुक तारखेला काय काय वाजवणार, हे हे लोक आत्ताच कसे छापतात? आणि त्या दिवशी त्यांची लहर लागली नाही तर?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. आपल्या सवाई गंधर्व महोत्सवाची जाहिरात पाहा. १९५३ पासून चालत आलेला हा उत्सव. त्यात कोण गाणार ते कळते, काय गाणार ते कळत नाही. गायक स्वरमंचावर बसतो, तानपुरे जुळतात, वेळ पाहून आणि समोरच्या श्रोत्यांकडे पाहून तो राग निवडतो. त्या निवडीतच अर्धी मैफल असते. उलट सिंफनी ऑर्केस्ट्राच्या पत्रकात कृतीचे नाव, तिचा क्रमांक, तिचा स्वर, संचालक, एकल वादक, सारे आधीच छापलेले असते. ऐन वेळी ‘आज जरा दुसरे काही वाजवू या’ असे म्हणण्याची सोयच नाही. आपल्या कानांना हे काहीसे यांत्रिक वाटते. मलाही बरीच वर्षे तसे वाटत असे. (मी इतिहासाचा प्राध्यापक, संगीताचा केवळ श्रोता. तज्ज्ञांनी हा लेख त्याच बेताने वाचावा.) पण हा हंगाम मुळात कसा जन्माला आला ते पाहिले, की त्या छापील पत्रकामागे केवढा खटाटोप आणि केवढी जोखीम आहे, ते ध्यानात येते.

अठराव्या शतकातल्या व्हिएन्नामध्ये स्वतंत्र मैफलींसाठी सभागृहे अशी फारशी नव्हतीच. नाटकगृहे होती, आणि ती ऑपेरा व नाटके यांनी अडवलेली असत. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आणि नाताळापूर्वीच्या काही दिवसांत मात्र नाटके बंद राहत, त्यामुळे वादकही मोकळे होत आणि प्रेक्षकही. आपल्या चातुर्मासात कीर्तन-प्रवचनांना बहर यावा तसाच हा प्रकार. अशा मोकळ्या दिवसांत संगीतकार स्वतःच्या जबाबदारीवर मैफली लावत. १७८४ च्या उपवासकाळात मोझार्टने तीन बुधवारी अशा मैफली केल्या. त्यासाठी आधी वर्गणी गोळा केली आणि वर्गणीदारांची यादी मोठ्या अभिमानाने वडिलांना पाठवली. पावणेदोनशेच्या आसपास नावे होती तीत. व्हिएन्नातले अर्धे उमराव त्या कागदावर होते म्हणाना. पाच वर्षांनी, १७८९ च्या उन्हाळ्यात, त्याच मोझार्टने पुन्हा वर्गणीची यादी फिरवली. दोन आठवडे फिरूनही तिच्यावर एकच नाव पडले, बॅरन फान स्वीटेन यांचे. मैफली झाल्या नाहीत. मोझार्ट तेव्हा कर्जात होता, आणि ही हकीकत त्याने ज्या पत्रात लिहिली ते पत्रही पैसे मागण्यासाठीच लिहिलेले होते.

या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की हंगाम म्हणजे काय ते लख्ख दिसते. ऐकण्यापूर्वीच पैसे मोजणारे लोक, हाच त्याचा पाया. श्रोता विश्वासावर रक्कम देतो, आणि त्या रकमेच्या बळावर संगीतकार वादक गोळा करतो, जागा घेतो, नवी कृती लिहितो. अर्थात ज्याने विश्वासावर पैसे दिले त्याला काय ऐकायला मिळणार हे आधी सांगावेच लागते. पत्रक छापण्याची चाल या व्यवहारातून आली आहे. त्यात यांत्रिकपणाचा भाग नाही.

लंडनमध्ये हा व्यवहार अधिक पक्का झाला. १७९० मध्ये हायडनचा आश्रयदाता राजपुत्र एस्टरहाझी वारला, तेव्हा झालोमोन नावाचा व्हायोलिनवादक व व्यवस्थापक थेट व्हिएन्नात येऊन थडकला आणि साठीकडे झुकलेल्या हायडनला घेऊन लंडनला गेला. १७९१ च्या हंगामात बारा मैफलींची वर्गणी पाच गिनी होती. हायडनने लंडनच्या दोन मुक्कामांसाठी मिळून बारा सिंफनी रचल्या. आजही जगभरच्या वाद्यवृंदांच्या पत्रकांत त्या दरसाल आढळतात. त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. लंडनचे प्रतिष्ठित लोक मैफलीला उशिरा येत. म्हणून हायडनची नवी कृती मध्यंतरानंतर, उत्तरार्धाच्या आरंभी ठेवलेली असे. उशिरा येण्यात प्रतिष्ठा मानणारे लोक आपल्याकडेच असतात, या समजुतीला येथे थोडा धक्का बसतो!

जर्मनीतल्या लाइप्झिग शहराची कथा मला अधिक प्रिय आहे, कारण तेथे राजा नाही, दरबार नाही. १७४३ मध्ये शहरातल्या सोळा जणांनी मिळून सोळा वादकांची एक मंडळी उभी केली. पुढे १७८१ मध्ये या मैफली कापडव्यापाऱ्यांच्या वखारीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बांधलेल्या सभागृहात होऊ लागल्या. जर्मन भाषेत त्या इमारतीला ‘गेवांडहाउस’ म्हणत. वाद्यवृंदालाही तेच नाव मिळाले आणि आजतागायत चालू आहे. आपल्याकडे एखाद्या नामवंत संस्थेचे नाव ‘कापडबाजार वाद्यवृंद’ असावे तसेच हे.

१८३५ मध्ये सव्वीस वर्षांचा मेंडेल्सोन या वाद्यवृंदाचा संचालक झाला. त्या काळापर्यंत मैफलीत बहुधा हयात संगीतकारांची ताजी रचनाच वाजत असे. गेलेल्यांना कोण विचारतो? मेंडेल्सोनने बाखपासूनच्या जुन्या संगीतकारांच्या कृती काळाच्या क्रमाने मांडणाऱ्या ‘ऐतिहासिक मैफली’ सुरू केल्या. १८३९ मध्ये त्याने शूबर्टची सी मेजर स्वरातली मोठी सिंफनी प्रथम वाजवून घेतली. शूबर्टला जाऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती. हस्तलिखित त्याच्या भावाकडे व्हिएन्नात पडून होते. ते शूमानच्या दृष्टीस पडले आणि त्याने ते लाइप्झिगला धाडले. शूबर्टला स्वतःची ही कृती जाहीर मैफलीत कधीच ऐकायला मिळाली नाही. आठवड्यामागून आठवडा चालणारा हंगाम लाइप्झिगमध्ये नसता, कसलेले वादक एकत्र नसते आणि वर्गणी भरून बसलेला श्रोता नसता, तर ते कागद आणखी किती वर्षे त्या घरात राहिले असते?

याच्या उलट चित्र पाहायचे तर २२ डिसेंबर १८०८ ची व्हिएन्नातली रात्र पाहावी. बीथोव्हेनने त्या दिवशी नाटकगृह मिळवले आणि हाताशी होते ते सारे एका रात्रीत मांडले. पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्सर्टो, धार्मिक रचनेचे भाग, स्वतः पियानोवर बसून आयत्या वेळी स्फुरेल ते वादन, आणि शेवटी गायकवृंदासह एक फँटसी! चार तास मैफल चालली. नाटकगृह थंडीने गारठलेले, वादक इकडून तिकडून जमवलेले, तालमी अपुऱ्या. शेवटच्या रचनेत वाद्यवृंद असा काही चुकला की थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. पाश्चात्त्य संगीतातल्या दोन अजोड सिंफनी जगाने प्रथम ऐकल्या त्या अशा स्थितीत. बीथोव्हेनजवळ प्रतिभा होती. त्याच्याजवळ वाद्यवृंद नव्हता, हंगाम नव्हता.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. इतके आधी का ठरवावे लागते? याचे उत्तर शिरगणतीत आहे. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात नव्वदच्या आसपास वादक असतात. पूर्ण ताफा असेल तर पहिली व्हायोलिने सोळा, दुसरी चौदा, व्हायोला बारा, चेलो दहा, डबल बास आठ. म्हणजे साठ माणसे नुसती तंतुवाद्यांचीच. त्यावर बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ताडनवाद्ये. पण प्रत्येक कृतीला सगळी माणसे लागत नाहीत. कोणती लागतील हे रचनाकाराने लिहून ठेवलेले असते. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत तीन ट्रॉम्बोन आहेत, पण ते वाजतात फक्त शेवटच्या भागात. तोवर वीस-पंचवीस मिनिटे ते तिघे वाद्य मांडीवर घेऊन स्वस्थ बसतात. ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत, जी १८९३ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम वाजली, झांजांचा एकच आघात आहे. साऱ्या सिंफनीत एक! आणि ट्यूबा हे अवाढव्य पितळी वाद्य केवळ दुसऱ्या भागात मोजके स्वर वाजवून गप्प होते. त्या मोजक्या स्वरांसाठी वादक आणावा लागतो, त्याचे मानधन द्यावे लागते, तालमीला बसवावे लागते. व्यवस्थापक म्हणूनच हिशेब करतो, की ट्यूबावाला आणलाच आहे तर त्याच आठवड्यात त्याला भरपूर काम असलेली दुसरी कृतीही लावावी. पत्रकातल्या जोड्या केवळ सौंदर्यदृष्टीने जुळवलेल्या असतात असे नव्हे; अशा व्यवहारी गाठीही त्यात पुष्कळ असतात.

शिवाय नामवंत संचालक आणि एकल वादक यांच्या तारखा दोन-दोन, तीन-तीन वर्षे आधी घ्याव्या लागतात. कृतीचे छापील भाग प्रकाशकाकडून विकत किंवा भाड्याने आणावे लागतात. मग वाद्यवृंदाचा ग्रंथपाल कामाला लागतो. हा माणूस व्यासपीठावर कधी दिसत नाही, पण त्याचे काम फार नाजूक. व्हायोलिनचा गज कोणत्या स्वराला खाली ओढायचा आणि कोणत्या स्वराला वर ढकलायचा, याच्या खुणा प्रत्येक वादकाच्या कागदावर पेन्सिलीने केलेल्या असतात. सोळा गज एकाच दिशेने एकाच क्षणी फिरताना पाहून आपण थक्क होतो, त्याचे रहस्य त्या पेन्सिलीत आहे. प्रत्यक्ष तालमी मात्र थोड्याच असतात. बहुधा मैफलीच्याच आठवड्यात, चार-दोन दिवस. वादक आपापला भाग घरून तयार करून येतात, तालमीत तो एकमेकांना जुळवून घेतात.

मग सगळेच ठरलेले, तर त्या रात्रीसाठी उरते काय? पुष्कळ उरते. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभ सर्वांच्या कानावर असतो: तीन आखूड स्वर आणि एक लांब. त्या लांब स्वरावर थांबण्याची खूण आहे, पण किती थांबायचे हे लिहिलेले नाही. एक संचालक तेथून झपाट्याने पुढे जातो, दुसरा श्वास कोंडेपर्यंत तो स्वर धरून ठेवतो, आणि तेवढ्याने पुढची सारी कथा बदलते. बीथोव्हेनने आपल्या सिंफनींच्या लयीचे आकडे १८१७ मध्ये प्रसिद्ध केले. ते पाळावेत की नाही याविषयी संचालकांचे अजून एकमत नाही. स्वर ठरलेले आहेत. वजन, श्वास, उजेड-सावली ठरलेली नाही. एकच बंदिश दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकणाऱ्या आपल्या श्रोत्यांना याचे नवल वाटू नये. मात्र हे साम्य फार ताणू नये असे माझे मत आहे. ‘सिंफनी म्हणजे त्यांची विलंबित-द्रुत’ असे सांगणारे लेख मी वाचले आहेत. त्यांनी नवा श्रोता चुकीच्या ठिकाणी चुकीची गोष्ट शोधत बसतो. रागसंगीत एका स्वराच्या आधाराने फुलते. सिंफनी एका स्वरातून दुसऱ्या स्वरात प्रवासाला निघते, आणि तिची सारी उत्कंठा परत घरी कसे यायचे यात असते.

मुंबईचा या परंपरेशी संबंध जुना आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यात पारशी होते, गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, नौदलाच्या बँडमधली मंडळी होती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन वाचायला शिकलेल्या मुलांनी मुंबईतल्या सिनेसंगीताचा वाद्यवृंद पुढे कसा पेलला, हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. त्यांपैकीच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस; प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये भारतीय वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गायला बसवले. चित्रपटातल्या गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर झाले, पण तो ऑर्केस्ट्रा टिकला नाही. मेहली मेहताही पुढे मँचेस्टरला आणि तेथून अमेरिकेला गेले. त्यांचे चिरंजीव झुबिन, सेंट झेवियर्समधला वैद्यकीचा अभ्यास अर्धवट टाकून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले, ते लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल येथल्या वाद्यवृंदांचे संचालक झाले. म्हणजे मुंबईत माणसे होती, हौस होती, श्रोते होते. नव्हते ते वर्षानुवर्षे चालणारे वर्गणीचे आणि पगाराचे बळ.

नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये जमशेद भाभा थिएटर आहे. बांधकाम चालू असताना १९९७ मध्ये ते आगीत सापडले, तरी १९९९ मध्ये खुले झाले. सुमारे अकराशे आसनांचे हे सभागृह. तेथे २००६ मध्ये खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. याचे हंगाम वर्षातून दोन, एक फेब्रुवारीच्या सुमारास आणि दुसरा सप्टेंबरच्या सुमारास, थोड्याथोड्या आठवड्यांचे. युरोपातला हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन मे-जूनपर्यंत चालतो हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. आपल्याकडे भारतीय वादकांचा लहानसा गाभा कायम असतो, आणि हंगामापुरते पुष्कळसे वादक परदेशांतून येतात. हंगाम संपला की विमाने पकडून पांगतात.

यावर टीका करणे सोपे आहे. मी ती करणार नाही, कारण अकराशे लोकांपुढे माह्लर किंवा ब्राम्स जिवंत वाजावा यासाठी दुसरा मार्ग तूर्त नव्हता. पण खंत वाटते ती वाटतेच. वाद्यवृंदाचा आवाज तीच माणसे रोज शेजारी बसल्याने घडतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १८६० पासून वर्गणीच्या मैफली अखंड चालवल्या आहेत, आणि ती वर्गणी मिळण्यासाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत थांबतात. तेथल्या व्हायोलिनांचा सूर त्या सातत्यातून आला आहे. मुंबई-गोव्यात व्हायोलिन किंवा चेलो शिकणारी मुले आज आहेत. हात तयार झाला की बसायचे कोठे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. या संस्थेने वादक घडवण्यासाठी स्वतःची शाळा काढली ती म्हणूनच मला तिच्या साऱ्या मैफलींहून महत्त्वाची वाटते. आणखी एक गोष्ट कौतुकाची: २०१५ च्या सप्टेंबरात याच वाद्यवृंदाने झाकीर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबला आणि वाद्यवृंद यांचा कॉन्सर्टो प्रथम सादर केला. वाद्यवृंदाचा भाग लिहिलेला आणि तबल्याला मोकळी जागा, असा तो घाट आहे. झाकीरभाई २०२४ मध्ये गेले. ती जागा आता दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागेल, आणि ती भरण्यासाठी कृती हंगामात पुन्हा लागावी लागेल.

तेव्हा पुढचे पत्रक हाती येईल तेव्हा काय पाहावे? बहुतेक संध्याकाळींचा साचा ठरलेला असतो: दहा मिनिटांची ओव्हर्चर, अर्ध्या तासाचा कॉन्सर्टो, मध्यंतर, आणि पाऊण तासाची सिंफनी. पहिल्यांदा जाणाऱ्याने कॉन्सर्टो पाहून तिकीट काढावे. एक वादक आणि समोर नव्वद जण, यातले नाट्य कळायला कसलीच पूर्वतयारी लागत नाही. सिंफनी कोणती आहे ते पाहून ती घरी दोन-तीनदा ऐकून जावे. आपल्याकडे राग ओळखीचा असला की मैफल रंगते, तसेच. पत्रकात एखादे अनोळखी नाव दोन ओळखीच्या नावांच्या मध्ये दडलेले दिसले तर ती संध्याकाळ चुकवू नये. व्यवस्थापकाने ओळखीच्या नावांच्या जिवावर तेथे जोखीम घेतलेली असते. शूबर्टची सिंफनी लाइप्झिगच्या लोकांनाही एकदा अनोळखीच होती.

सिंफनीचे चार भाग असतात. मधल्या थांब्यांवर टाळ्या वाजवत नाहीत. वाजल्याच तर ओशाळण्याचे कारण नाही, मोझार्टच्या काळी सर्रास वाजत. ‘क्या बात है’ मात्र मनातल्या मनात म्हणावे लागते, हे आपल्याला जड जाते खरे! आणि खिसा हलका असेल तर बिचकू नये. लंडनला १८९५ मध्ये ‘प्रॉम्स’ सुरू झाले ते उन्हाळ्यात, धनिक लोक गावाबाहेर असताना. एक शिलिंग देऊन उभ्याने ऐकायचे, आणि खाण्यापिण्याला, विडी ओढायलाही मज्जाव नव्हता. विडी सोडल्यास उभे राहून स्वस्तात ऐकण्याची ती प्रथा लंडनमध्ये आजही टिकून आहे. आपल्याला उभे राहावे लागत नाही, पण वरच्या बाजूच्या स्वस्त जागा मला पुढच्या महाग जागांपेक्षा बऱ्या वाटतात. पुढे बसले की पहिल्या रांगेतली व्हायोलिनेच तेवढी दिसतात. वरून सारा ताफा नजरेत येतो: ओबोच्या स्वराला सगळ्यांनी सूर मिळवणे, सोळा गजांचे एकदम वळणे, आणि मागच्या रांगेत झांजा मांडीवर घेऊन, मापे मोजत आपल्या एका आघाताची वाट पाहणारा तो माणूस.